मिनचा नकाशा: वाट जिथे वळली

मी हाताने काढतेय त्या नकाशावरची, मागच्या वेळी दाखवलेली पेन्सिलची रेघ सगळी खोडून टाकली. दोन रविवारांचं काम गेलं, पण नकाशा आता कुठे खरा वाटायला लागलाय.

नव्याने आलेल्यांसाठी: विषय आहे मिन राज्याची स्थापना, आजच्या चीनमधला फुजियानचा किनारा. मी सुरुवात धरली होती 909. त्या वर्षी उत्तर चीनमधल्या ल्यांग राजवटीच्या सम्राटाने वांग शेन्झीला मिनच्या राजाची पदवी दिली. 945 मध्ये शेजारच्या दक्षिण थांग राज्याने ते गिळलं. उणीपुरी 36 वर्षं. पण पदवीचा नकाशा कसा काढायचा? त्यात वाट नाही, माणसं नाहीत. म्हणून 885 पर्यंत मागे गेले. त्यासाठी वरच्या बाजूला आणखी एक कागद जोडावा लागला, कारण शेन्झी आणि त्याच्या भावांचं गाव गूशी, म्हणजे पार उत्तरेला हनान प्रांतात.

तेव्हा चीनवरची थांग राजवट मोडकळीला आलेली. वांग श्यू नावाचा सरदार, मूळचा खाटीक, पाच हजार सैन्य घेऊन दक्षिणेला निघाला. यांगत्झे ओलांडून, ज्यांगशीतून फुजियानमधलं टिंगझौ, मग झांगझौ. ही रेघ 0.3 च्या पेनाने तुटक काढली, कारण वाटेत अन्नच नव्हतं. म्हातारीकोतारी मागे सोडा, असा हुकूम निघाला. सैन्यातल्या वांग छाओने आणि त्याच्या दोन भावांनी (त्यातला एक शेन्झी) आईला सोडलं नाही. तिला मारायचं तर आधी आम्हाला मारा, असं त्यांनी सांगितलं आणि बाकीच्यांनीही रदबदली केली. पुढे नानआनजवळ बांबूच्या बेटात दबा धरून वांग श्यूला पकडलं आणि सैन्य वांग छाओकडे आलं. तिथे गेरूचा ठिपका दिलाय.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. सैन्य परत निघालं होतं! नानआनहून वायव्येला, शाश्येनपर्यंत पोचलंही. तिथे छ्वानझौ या किनाऱ्यावरच्या शहराचे वडीलधारे लोक गोमांस आणि दारू घेऊन आडवे आले: आमचा अधिकारी लोभी आणि जुलमी आहे, तुम्ही थांबा. आणि रेघ मागे वळली. हे टोकदार वळण बोरूने काढलं. पाचव्या प्रयत्नात शाई फुटली नाही. माझ्या लेखी राज्याचा जन्म इथला आहे.

छ्वानझौचा वेढा वर्षभर चालला, 886 मध्ये शहर पडलं. किनाऱ्यावरचंच आणखी उत्तरेचं फूझौ 893 मध्ये. तो वेढा रेंगाळला तेव्हा वेढा घालणाऱ्यांनी माघारीची परवानगी मागितली. छाओचं उत्तर: सैनिक संपले तर सैनिक पाठवीन, सेनापती संपले तर सेनापती, दोन्ही संपले तर मी स्वतः येईन. हे वाक्य समासात, फूझौच्या शेजारी लिहिणार आहे.

समुद्राचा निळा वॉश अजून बाकी. उत्तरेच्या ल्यांग दरबाराकडे जाताना जमिनीवर मध्ये वू हे शत्रू राज्य, त्यामुळे शेन्झीची नजराण्याची जहाजं फूझौहून थेट शानडोंगच्या डंगझौ आणि लायझौ बंदरांकडे जात. दहातली चार-पाच माणसं बुडत. हा मार्ग शाईने काढायचा की नुसत्या पाण्याच्या फिकट छटेने, यावर अडलेय. दोन्ही नमुने वेगळ्या कागदावर करून बघते, वाळले की फोटो टाकते.