मेंढा (लेखा)ला जाणार असाल, तर धान घरात आल्यावर जा

पोचल्या पोचल्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षानं विचारलं, "इथले नेते कोण?" समोर बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण हसला. तेवढ्यात चहा आला आणि प्रश्न तसाच राहिला. परत निघेपर्यंत तो कुणी पुन्हा विचारला नाही, आमच्या अध्यक्षानंही नाही.

आम्ही माण तालुक्यातले. पाणलोटाच्या कामाची स्पर्धा होती तेव्हा पहाटे पाचला अख्खं गाव टिकाव-फावडी घेऊन माळावर असायचं. सुनांनी सासऱ्यांबरोबर पाट्या वाहिल्या. स्पर्धा संपली आणि टिकाव शेडमध्ये गेले ते गेलेच. श्रमदानाला माणसं मिळाली, पण पुढचं ठरवायला कुणी उरलं नाही. जे ठरवायचे ते आधीपासूनच ठरवत होते. गडचिरोलीतलं मेंढा हे गाव आपलं सगळं ग्रामसभेत मिळून ठरवतं, म्हणून मंडळातली सात मुलं आणि दोन मुली घेऊन तिथं जायचं ठरलं. मुलींच्या घरून होकार मिळवण्यात तीन आठवडे गेले. शेवटी एकीची आजी म्हणाली, "जाऊ द्या, मी पंढरीला एकटी जाते की." तेव्हा कुठं जमलं.

जायचं कसं ते आधी सांगतो, कारण पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला गडचिरोली फार लांब वाटते. लांब आहेच. पण कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्याहून जाते. एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस त्या गाडीत काढायची तयारी ठेवा. गोंदियाहून बल्लारशाच्या रेल्वेमार्गावर वडसा, म्हणजे देसाईगंज, लागतं. तिथून एसटीनं आरमोरीमार्गे गडचिरोली, आणि गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर मेंढा. शेजारचं गाव लेखा, म्हणून मेंढा (लेखा). नागपूरहून येणारे उमरेड-नागभीड-ब्रह्मपुरी-आरमोरी असे येतात. आधारकार्ड सगळ्यांचं जवळ ठेवा, रस्त्यात विचारणा होऊ शकते. रोकड गडचिरोलीतच काढून घ्या.

आमची पहिली चूक तारखेची. डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे थंडी छान, एवढाच विचार केला होता. धानाची कापणी-मळणी चालू होती. दुपारी गावात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि आम्ही. माणसं अंधार पडल्यावर घरी यायची, थकलेली, आणि तरी आमच्याशी बोलायला बसायची. लाज वाटली. जानेवारी-फेब्रुवारीत जा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मेमध्ये तेंदूपत्ता, तेव्हाही पहाटेपासून गाव जंगलात असतं. पावसाळ्यात रोवणी. आणि कुठल्याही महिन्यात गेलात तरी मच्छरदाणी न्या. हा मलेरियाचा जिल्हा आहे, इथं चेष्टा नाही.

गावाची गोष्ट थोडक्यात. साधारण शंभर घरांचं गोंड गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं, त्यातून इथली माणसं पेटली. मोहन हिराबाई हिरालाल आणि त्यांची 'वृक्षमित्र' संस्था इथं अभ्यास करायला आली आणि गावाबरोबर राहिली. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. गावचेच कार्यकर्ते देवाजी तोफा, त्यांचं नाव तर पुष्कळांनी ऐकलेलं असतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल वापरायचा आणि राखायचा गावाचा हक्क, मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण तेव्हा १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढं २०१३ मध्ये गावानं ग्रामदानाचा, म्हणजे आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे करण्याचा, निर्णय घेतला. हे सगळं जाण्याआधी वाचून जा. "वनहक्क म्हणजे काय हो?" असं तिथं जाऊन विचारणं म्हणजे पाहुण्यानं घरच्यांनाच घराचा पत्ता विचारण्यासारखं.

आता ज्यासाठी गेलो ते. मेंढ्यात दोन वेगळ्या बैठका असतात आणि त्यांतला फरक कळायला आम्हाला अख्खा एक दिवस लागला. एक ग्रामसभा. तिथं निर्णय होतात आणि ते सर्वसहमतीनं होतात, हात वर करून मोजणी नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेत जातो. दुसरा अभ्यास गट. तिथं काहीच ठरत नाही. ठरवायचंच नाही, असा नियम. ज्याला एखाद्या विषयात रस आहे तो बसतो, बाहेरचा जाणकार बोलावला जातो, कायदा वाचला जातो, शंका काढल्या जातात. मग जे समजलं ते घेऊन माणसं ग्रामसभेत येतात.

आमच्या मुलांना हे आधी बिनकामाचं वाटलं. "ठरवायचंच न्हाय तर बसायचं कशाला, दादा?"

दुसऱ्या संध्याकाळी एका छोट्या बैठकीत आम्हाला मागे बसू दिलं. बोलणं बरंचसं गोंडीत, मध्येच आमच्यासाठी मराठीत. एक विशीतला मुलगा रजिस्टर मांडीवर घेऊन लिहीत होता. शेवटी त्यानं लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. एका बाईनं त्याला थांबवलं. त्यानं 'सर्वांनी मान्य केले' असं लिहिलं होतं, आणि ती म्हणाली, मी मान्य केलं नाही, मी फक्त गप्प होते. मुलानं मान खाली घालून ते वाक्य खोडलं, नवं लिहिलं, पुन्हा वाचलं. मग दुसऱ्या एकानं आकडा दुरुस्त केला. तिसऱ्यांदा वाचल्यावर सह्या झाल्या. पाऊण तास गेला असेल. कुणी त्या मुलावर चिडलं नाही, आणि कुणी त्याच्या हातातून रजिस्टरही काढून घेतलं नाही.

आमच्याकडे ठराव आधी लिहिलेला असतो. सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जातात. त्या रात्री आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "मी पण गप्पच असते, आणि आपल्या वहीत मी पण मान्यच केलेलं असतं." अध्यक्ष काही बोलला नाही. वही तोच लिहितो.

नेतृत्व-शिबिरं मी पुष्कळ पाहिली. कागदी मनोरे, डोळे बांधून चालणं, शेवटी भाषणाची स्पर्धा. त्यातून बोलणारी मुलं तयार होतात, आणि बोलणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई कधीच नव्हती. मेंढ्यात पोराला रजिस्टर देतात, हिशेब देतात, जंगलात फिरणाऱ्या गटाबरोबर पाठवतात. मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायची रीत आहे, म्हणजे त्या हिशेबात त्याच्या स्वतःच्या घामाचे पैसे असतात. मग तो नीट लिहितो. गोंडांमध्ये घोटुल ही तरुणांची जागा पूर्वापार होतीच. मेंढ्यानं जंगलातल्या लाकडानं ती पुन्हा उभी केली तेव्हा वनखात्यानं ती पाडली होती, आणि गावानं परत बांधली. त्यामुळे तरुणांना 'सामील करून घ्या' असं इथं कुणाला सांगावं लागत नसावं, असं माझं मत झालं. चार दिवसांचं मत आहे, तेवढंच धरा.

सगळं गोड आहे असंही नाही. तिथली काही मुलं शिकायला गडचिरोली-नागपूरला जातात आणि परतायचं की नाही या पेचात असतात. सर्वसहमतीला वेळ लागतो, कधीकधी फार. एका आजोबांनी एक विषय अनेक सभा पुढं ढकलला गेल्याचं हसत हसत सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. ग्रामसभेला आधी पत्र पाठवा, आपण कोण, किती जण, काय शिकायचंय ते लिहून, आणि होकार येईपर्यंत तिकिटं काढू नका. दहाच्या वर माणसं नेऊ नका. जेवणाचे पैसे आधी विचारून ठेवा. ताटात भात असतो, दोन्ही वेळा. आमच्या एका पठ्ठ्यानं तिसऱ्या दिवशी भाकरीचं स्वप्न पडल्याचं सांगितलं. फोटो विचारून काढा आणि बैठकीत तर काढूच नका. मुली बरोबर असल्याच पाहिजेत, नाहीतर बायका तुमच्याशी मोकळेपणानं बोलणार नाहीत आणि निम्मं गाव पाहायचं राहून जाईल. येताना वडशाला एक रात्र ठेवा. हिवाळ्यात झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भातली, नाटकं रात्रभर चालतात. आमच्या मुलांना पहाटे साडेचारला मांडवातून ओढून काढावं लागलं.

घरी आल्यावर आम्ही अभ्यास गट काढला. विषय गावच्या गायरानाचा. पहिल्या बैठकीला एकवीस जण आले, दुसरीला चार. तिसरीला सहा, त्यात ती गप्प राहणारी मुलगी, तिची आजी आणि तलाठ्याकडून मागून आणलेला सातबारा. आजीला वाचता येत नाही, तिनं तो तीनदा वाचून घेतला आणि विचारलं, "ह्यात आपल्या वढ्याकडची पट्टी कुठं हाय?" कुणालाच सापडली नाही. आता मोजणीचा जुना नकाशा काढायला अर्ज केलाय. वही सध्या मुलीकडे आहे.