मोठी ठिवली, लहानी नेली

रात्री साडेदहाला ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर शाळेसमोर येऊन थांबला तेव्हा मी तूरडाळीचा हिशोब करत बसलो होतो. दोन ट्रॉल्या, त्यात बारा कोयते, पेट्या, चुलीचे लोखंडी पाय, खोपीचे बांबू, एका टोपल्यात कोंबड्या. टॉर्च घेऊन बाहेर आलो आणि सवयीने ट्रॉलीतली लेकरं मोजायला लागलो. वसतिगृहाच्या यादीतलं कोणी चढलंय का ते बघायला. दुसऱ्या ट्रॉलीत गोधडीत तान्हं बाळ घेऊन आमच्या तिसरीतली मुलगी बसली होती. यादीत तिचा नंबर एकोणीस.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते आठवी. दसरा-दिवाळीच्या आसपास अर्धं गाव ऊसतोडीला जातं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून त्यांनी उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती लग्नात, दवाखान्यात, पत्र्यांच्या घरात संपलेलीही असते, म्हणून 'यंदा जाऊ नका' असं कोणाला म्हणायची सोय नाही. म्हणता येतं एवढंच, की लेकरू ठेवून जा. त्यासाठी सरकारचं हंगामी वसतिगृह आहे. नाव मोठं आहे. मुलं आजी-आजोबांकडे झोपतात, आम्ही सकाळ-संध्याकाळ जेवू घालतो. दुपारी पोषण आहार असतोच. ते चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीने, म्हणजे व्यवहारात मुख्याध्यापकाने, म्हणजे मी.

योजना चांगली आहे, हे आधी सांगतो. वाईट आहे ते तिचं कॅलेंडर. सर्वेक्षण, ठराव, सरपंचांचा दाखला, प्रस्ताव, त्रुटी, पुन्हा प्रस्ताव असं होत होत मंजुरी यायला आमच्याकडे डिसेंबर उजाडतो. ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी आधी गेलेले असतात. आईबाप नोव्हेंबरात विचारतात, 'जेवण कधीपासून?' तेव्हा 'मंजुरी आली की' हे उत्तर दिलं, की लेकरू ट्रॉलीत. पुण्याहून दरवर्षी जूनमध्ये दप्तरं येतात, त्यांचे मनापासून आभार. पण एका वर्गात पन्नास दप्तरं पडून असताना मी नोव्हेंबरात दुकानदारापुढे उधारीसाठी उभा असतो, हे देणाऱ्यांना सांगायला जीभ रेटत नाही.

यंदा मी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय लावून धरला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा लागतो. बहुतेक ठिकाणी त्यातून शिलाई मशीन किंवा कसलंतरी प्रशिक्षण होतं, तेही फोटोपुरतं. आमच्या गावात घरपट्टी-पाणीपट्टी वसूलच किती होते, त्याचा दहावा भाग आला एकोणीस हजार. चर्चा मात्र सगळी वेशीच्या कमानीवर चालली होती. शेवटी बचतगटाच्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, "कमानीखालून जाणार कोण? गाव तर तिकडं ऊस तोडतंय." ठराव झाला. लोकांनी वर ज्वारी-बाजरी दिली. चौतीस मुलं, तीन आठवडे. भागलं. एवढ्या पैशात एवढं काम झालेलं मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं नाही. आणि हे करायला मला बावीस वर्षं का लागली, तेही विचारायला हवं.

या सगळ्यात माझा जीव अडकला होता तो आठवीतल्या एका मुलीत. तिला इथे मोठी म्हणतो. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000, म्हणजे एकूण 48,000 रुपये. दीड-दीड तासाचे दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न. शालेय क्षमतेचा पेपर आमची मुलं काढतात. गाडी अडते ती बौद्धिक क्षमतेत. घड्याळाची आरशातली प्रतिमा हा प्रश्न घ्या. ज्यांच्या घरात भिंतीवर घड्याळ नाही त्यांना ते आरशात कसं दिसेल हे कुठून सुचणार? मी त्यांना युक्ती देतो: दिलेली वेळ 11:60 मधून वजा करायची. 3:40 असेल तर 8:20. मोठीने पहिल्याच दिवशी विचारलं, "बारामधून का नाही?" अकरा तास साठ मिनिटं म्हणजे बाराच, हे तिला मग स्वतःलाच उमगलं आणि ती हसली. असं हसू वर्षातून एकदा दिसतं. उत्तरपत्रिकेचे गोल बॉलपेनने काळे करायचा सरावही मी रोज पाच मिनिटं घेतो. शेजारच्या शाळेतले सहकारी याला चेष्टेने 'गोल गोल राणी' म्हणतात. त्यांच्या शाळेचा निकाल मी इथे लिहीत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तिच्या वडिलांना दोनदा मोटरसायकलवर तालुक्याला नेलं. आधारवर आडनावात एक काना जास्त होता, त्यात एक दिवस गेला. घरी चार वेळा गेलो. दर वेळी बोललो ते मोठीबद्दल: हुशार आहे, परीक्षा डिसेंबरात आहे, आत्ता नेऊ नका. तिसरीतल्या धाकटीचं नाव यादीत होतंच. तिच्याबद्दल वेगळं बोलावं असं मला वाटलंच नाही. ती दारात बाळाला कडेवर घेऊन उभी असायची, हे आता आठवतं.

तर त्या रात्री मी ट्रॉलीला हात लावून म्हणालो, "अहो, हिचं नाव आहे ना आपल्याकडे?" वडील खाली उतरले. रागावले नव्हते, उलट समजावल्यासारखं बोलले.

"गुरुजी, मोठी मागितली, मोठी ठिवली. दरसाली तान्ह्याला तीच बघायची. आता लहानीला बी ठिवली तर तान्ह्याला उसाच्या वाढ्यावर टाकून ऊस तोडू का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा वर्षांखालच्या बाळाची आमच्या योजनेत जागा नाही, आणि ऊसतोडीच्या फडावर पाळणाघर नसतं. म्हणजे मोठीची जागा रिकामी झाली आणि ती तिच्या बहिणीने भरली. मी ऑफिस उघडून शिक्षण हमी कार्ड काढलं, ट्रॅक्टरच्या उजेडात धाकटीचं नाव, इयत्ता, तिला येणारे धडे लिहिले आणि 'तिथल्या शाळेत दाखवा' म्हणून दिलं. असं होत नाही हे मला ठाऊक होतं, त्यांनाही. मोठी आजीजवळ उभी होती. तिने स्वतःच्या कंपासपेटीतला पेन्सिलीचा तुकडा धाकटीला दिला.

मोठीची निवड झाली. आमच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख भला माणूस, पेढे घेऊन आले आणि तालुक्याच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला: 'ऊसतोड कामगाराच्या लेकीची भरारी'. धाकटी माझ्या नोंदींत 'स्थलांतरित'. दोन्ही नोंदी खऱ्या. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग काय मोठीला पाठवायला हवं होतं? तसं नाही. पण मग कसं, तेही मला सांगता आलं नाही. येत्या ग्रामसभेसाठी मी नवीन कागद केला आहे. बाळं सांभाळायला गावातल्याच दोन म्हाताऱ्या बायकांना मानधन, असा. पण तान्हं अंगावर पितं, ते आईशिवाय गावात कसं राहील? या प्रश्नापाशी कागद अडला आहे.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि गाव परतलं. धाकटी तिसऱ्या दिवशी शाळेत आली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. शिक्क्याची चौकट कोरी होती. मागची बाजू मात्र पेन्सिलीने गच्च भरलेली: तारीख, खेप, टन, किलो. मुकादमाचा हिशोब पडताळायला बापाने तिच्याकडून लिहून घेतला होता. तिसरीच्या मुलीला टनाचा हिशोब आम्ही शिकवत नाही. मी बेरजा तपासल्या. एके ठिकाणी हातचा राहिला होता. बोट ठेवून दाखवलं तर तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली,

"ते माझं अक्षर नाही गुरुजी. ती ओळ पप्पांनी लिवलीय."