अर्जात जिन्याचा रकाना नाही

नर्सची नोकरी संपली, पण सवय काही जात नाही. भाड्यासाठी मदत किंवा परवडणारं घर मागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देते, तेव्हा उत्पन्नाच्या कागदांबरोबर औषधांची पिशवीही टेबलावर ठेवायला सांगते.

परवा एका आजींच्या पिशवीत लघवी वाढवून अंगातलं पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांचं पाकीट जवळजवळ भरलेलंच. पाय सुजलेले, बोलताना दम लागत होता.

"संडास खाली आहे गं. ती गोळी घेतली की दिवसभर जिनाच चढायचा-उतरायचा."

डॉक्टरांना सांगितलंत का? "काय सांगू? ते घर बदलून देणारेत का?"

केसपेपरवर शेरा होता, 'गोळ्या नीट घेत नाहीत.' जिन्याचं नावही नाही.

भाडं थकलं की घरमालक दारात उभा राहतो, औषधवाला राहत नाही. म्हणून काटकसर गोळ्यांतच होते. एक दिवसाआड, नाहीतर अर्धी. त्यात रात्री अंधारात उठायचं, उभं राहताना बीपी खाली येऊन चक्कर, आणि पडणं. पडून मरणाऱ्यांत साठीपुढची माणसं सगळ्यात जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या 2018च्या घर आणि आरोग्याविषयीच्या सूचनांत घरातली थंडी, दाटी, पडण्याचे धोके, सगळं आहे. अर्जात मात्र फक्त पैसे.

म्हणून मी अर्जाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडायला लावते. नुसतं आजाराचं नाव लिहून भागत नाही, वाचणाऱ्या कारकुनाला त्यातून काय कळणार? 'जिना चढता येत नाही, संडास त्याच मजल्यावर हवा' असं सरळ लिहून घ्यायचं. आणि पत्ता बदलला की लगेच कळवायचं. कचेरीच्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून घरासाठी थांबलेल्यांच्या यादीतून नाव उडतं, हा प्रकार फार होतो.

लांबचं स्वस्त घर सुचवणाऱ्यांचा मला राग येतो. ओळखीचा डॉक्टर सुटतो, आणि भिंतीवर थाप मारली तर धावत येणारी शेजारीणही.

आजींसाठी सध्या पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवलीय. "शी, झोपायच्या खोलीत?" म्हणून दोन दिवस रुसल्या होत्या. डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली, सूज बरीच उतरलीय. यादीतलं नाव अजून जागचं हललेलं नाही. पुढच्या आठवड्यात ती चिठ्ठी घेऊन मीच कचेरीत जाणार आहे.