लेतेवरचं मीठ

१५ ऑगस्ट, रात्री उशिरा

सकाळी सोसायटीतलं झेंडावंदन आणि जिलेबी आटोपली, मग दिवसभर पाऊस. टीव्हीवर नेहमीचे युद्धपट, नेहमीच्या डरकाळ्या. जपानमध्ये हीच तारीख शरणागतीची. १९४५ साली आजच्याच दिवशी दुपारी रेडिओवर सम्राटाचा आवाज ऐकू आला आणि लढाई संपली. म्हणून मुद्दाम जपानी दिग्दर्शक कोन इचिकावाचा ‘फायर्स ऑन द प्लेन’ लावला. १९५९चा, कृष्णधवल.

सुरुवातच कानाखाली बसते. तामुरा नावाच्या शिपायाला क्षय झालाय. इस्पितळाने परत पाठवलेल्या या माणसाला खायला घालणं तुकडीला परवडत नाही. अधिकारी सांगतो, पुन्हा जा, नाहीच घेतलं तर हातबाँब आहे, स्वतःला उडवून घे. शिदोरीला थोडे कंद. जागा फिलिपिन्समधलं लेते बेट. अमेरिकन उतरलेत, रसद तुटलीय, अख्खं सैन्य रानात भुकेने भटकतंय.

पुढे बुटांचा एक प्रसंग आहे. पाऊस, चिखल, वाटेत कुणाचे तरी टाकलेले बूट. एक शिपाई थांबतो, आपले फाटके काढून ते घालतो आणि चालू लागतो. मागून येणारा त्याने टाकलेले घालतो, आपले तिथेच सोडतो. असं करत करत तामुराची पाळी येते, तेव्हा समोरच्या बुटाला तळवाच उरलेला नाही. तो बूट उचलून पाहतो, ठेवून देतो, आपलेही काढतो आणि अनवाणी निघतो. संवाद नाही. मला हसू आलं आणि लगेच कसंतरी झालं.

पण डोक्यातून जात नाही ती मिठाची जागा. ओसाड गावात तामुरा एकटाच आहे. होडीतून एक तरुण आणि एक तरुणी येतात, फळीखाली लपवलेलं मीठ न्यायला. त्याला बघून ती किंचाळते. तो गोळी घालतो. ती मरते, तरुण पळतो आणि तामुरा मीठ भरून घेतो. नंतर बंदूक पाण्यात फेकून देतो खरी, पण मीठ ठेवतो. त्याच मिठापायी पुढे इतर शिपाई त्याला सोबत घेतात. इतका वेळ मी या माणसाच्या बाजूने होतो, त्याच्याबरोबर उपाशी होतो. आणि बाई त्याने मारली. इचिकावा पार्श्वसंगीत चढवून माफी मागत नाही, की त्याला राक्षसही करत नाही. ‘माकडाचं मांस’ म्हणून काय खाल्लं जातं ते इथे लिहवत नाही.

याच्यापुढे अमेरिकन दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूडचा ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ (२००६), तोही जपानी शिपायांच्याच बाजूने सांगितलेला, मला जरा सोयीचा वाटतो. सिनेमा आवडतो, नाही असं नाही. पावाची भट्टी सोडून आलेला सायगो समुद्रकाठी खड्डे खणताना कुरकुरतो, ते अगदी आपल्या ओळखीचं. पण मोठी माणसं बघा: जनरल कुरिबायाशी अमेरिकेत राहून आलेला, बॅरन निशी १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचं सुवर्ण जिंकलेला. प्रेक्षकाला आवडावेत असेच दोघे. शिवाय इवो जिमा बेटावरच्या बहुतेक रहिवाशांना लढाईआधीच हलवलं होतं. म्हणजे मीठ न्यायला येणारी कुणी तिथे उरलीच नव्हती. सैनिक विरुद्ध सैनिक असलं की कळवळा यायला फारसं काही लागत नाही.

इचिकावाचाच आधीचा ‘द बर्मीज हार्प’ (१९५६) बघून कॉलेजात रडलो होतो. मिझुशिमा भिक्षू होऊन ब्रह्मदेशात मागे राहतो, बेवारस जपानी प्रेतं पुरायला. आता त्याच्याकडे बघताना इंफाळची लढाई आठवते. १९४४च्या मार्चमध्ये जपानी सेनापती मुतागुचीने ब्रह्मदेशातून सुमारे तीन आठवड्यांच्या शिध्यावर सैन्य डोंगरांपलीकडे ढकललं. ८५ हजारांच्या आसपास माणसं, त्यातली ३० हजारांच्या घरात मेली, कितीतरी भुकेने आणि रोगाने. समोरच्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य आपलेच जवान. मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत मराठा पलटण होती. त्या खंदकातल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या पोरांना पलीकडच्याची भूक दिसली असेल की नुसती संगीन, कोण जाणे. ‘बर्मीज हार्प’मध्ये दोन्ही बाजू एकच गाणं गातात. छान वाटतं. जरा जास्तच छान वाटतं.

आता जपानी दिग्दर्शक कोबायाशीची ‘ह्यूमन कंडिशन’ ही तीन भागांची मालिका पुन्हा काढणार. साडेनऊ तासांच्या वर आहे, घरात कुणी सोबत बसणार नाही. त्यातला काजी मनाने युद्धविरोधी, पण कथा सुरू होते ती मांचुरियातल्या खाणीत. चिनी कैद्यांकडून काम करून घेणारा साहेब तोच. उपाशी शिपाई तो नंतर होतो. हा क्रम मला पटतो. पहिला भाग रविवारी.