गोळ्या चालू असताना काम

मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असताना तुमच्या मुलाने नोकरी धरावी का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मानसिक आजारातून सावरणारे दिवसा येऊन काम करतात अशा पुण्यातल्या एका दिवसकेंद्रात मी गेली 16 वर्षे व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून काम करते आहे, आणि या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. तो बहुधा भेट संपताना, दारात चपला घालता घालता येतो: "मॅडम, आता तो बराच सुधारलाय. गोळ्या एकदा पूर्ण बंद झाल्या की मग नोकरीचं बघायचं, असंच ना?"

माझे उत्तर आहे की गोळ्या बंद होण्याची वाट पाहू नका. स्किझोफ्रेनिया (ज्यात भास होतात, संशय येतात) किंवा बायपोलर आजारात (ज्यात मन कधी उन्मादाने अति चढते, कधी खचते) औषधे अनेकदा वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागतात. आजार दोन-तीनदा उलटला असेल तर काहींना ती कायमचीही लागतात. ती कधी आणि किती कमी करायची हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा. पण काम त्या निर्णयाला बांधून ठेवले, तर मनुष्य घरात बसून राहतो आणि वय पुढे सरकते. स्किझोफ्रेनिया बहुतेकदा सोळा-सतरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे नेमका त्याच वयात ज्या वयात शिक्षण संपते, पहिली नोकरी लागते आणि माणसाला स्वतःच्या पैशाची सवय होते. बाविसाव्या वर्षी आजारी पडलेला मुलगा 'पूर्ण बरा' होण्याची वाट पाहत बत्तिशीला पोहोचतो, तेव्हा त्याच्यापुढे आजाराच्या जोडीला दहा वर्षांच्या रिकाम्या जागेचा प्रश्नही उभा असतो, आणि मुलाखतीत नेमके त्या जागेवरच बोट ठेवले जाते.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही. औषधांनी भास आणि संशय पुष्कळ आटोक्यात येतात. परंतु गेलेली उमेद, लक्ष टिकवणे, एकामागून एक करायच्या कामांचा क्रम डोक्यात धरून ठेवणे यांवर औषधांचा परिणाम त्या मानाने फार थोडा होतो. दुपारी बारापर्यंत अंथरुणात पडून राहणाऱ्या मुलाला घरात 'आळशी' म्हटले जाते, तेव्हा ते आजाराचेच एक लक्षण असण्याची शक्यता मोठी असते. ही क्षमता वापरात आणली तरच परत येते, आणि ती वापरण्यासाठी सकाळी उठून कुठेतरी जावे लागते, जिथे कोणीतरी आपली वाट पाहत असते.

स्वमदत गटांत आजारातून सावरणाऱ्याला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याची रीत आता रुळली आहे. आमच्या केंद्रातले शुभार्थी कागदी पिशव्या, फाइली, दिवाळीच्या आधी पणत्या आणि उटण्याची पाकिटे तयार करतात. वेळेवर येणे, शेजारच्याला कात्री देणे, चुकलेली पिशवी उकलून पुन्हा चिकटवणे या गोष्टी तिथे येतात, आणि महिन्याअखेरीस मिळणारे थोडे मानधन स्वतः मोजून घेताना त्यांचे चेहरे बदलतात. मी या कामाला मुळीच कमी लेखत नाही. तरीही पिशव्या उत्तम करणारा माणूस आठ वर्षे पिशव्याच करत राहिला तर त्यात दोष आमचा असतो, हे मला उशिरा उमगले.

जुनी पद्धत 'आधी शिकवा, मग कामाला लावा' अशी होती. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी 1990च्या दशकात हा क्रम उलटा केला. ज्याला काम करावेसे वाटते त्याला लवकरात लवकर, त्याच्या आवडीच्या, बाजारातल्या खऱ्या नोकरीत लावायचे, तिथेच शिकवायचे आणि मदत मध्येच थांबवायची नाही, असे हे सूत्र 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' या नावाने ओळखले जाते. पुढे अनेक देशांत तौलनिक चाचण्या झाल्या आणि जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने अधिक लोक खुल्या बाजारातल्या नोकरीत गेल्याचे त्यांतून दिसले. आपल्याकडे प्रत्येक उपचार केंद्रात नोकरीसाठी नेमलेला स्वतंत्र माणूस नसतो. हे काम तुकड्यातुकड्याने समाजसेवक, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि बऱ्याचदा आई-वडीलच करतात.

मदत न थांबवणे म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. चौतीस वर्षांचा, बी. कॉम. झालेला एक शुभार्थी एका बुक बाइंडिंगच्या कारखान्यात लागला. त्याच्या हाताला औषधामुळे किंचित कंप होता आणि सकाळी गुंगी असे. डॉक्टरांशी बोलून रात्रीची गोळी दोन तास लवकर घेणे ठरले; मालकांनी नऊऐवजी अकराला यायची मुभा दिली. कटिंग मशीनवर त्याला बसवायचे नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून घेतले. फर्मे, म्हणजे पुस्तकाचे घडी घातलेले छापील ताव, क्रमाने जुळवण्याचे काम त्याला दिले आणि त्या कामाच्या पायऱ्या एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलासमोर टांगल्या, कारण तोंडी दिलेल्या चार सूचनांपैकी दोन त्याच्या लक्षात राहत नसत. सगळ्यांत अवघड गेली ती चहाची सुट्टी. काम करताना तो शांत असे. पण पंधरा मिनिटांच्या गप्पांत कोणी हसले की ते आपल्यालाच हसले असे त्याला वाटे. मग पहिले काही आठवडे चहा आणून देण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. हातात किटली असली की कुठे पाहायचे हा प्रश्न उरत नाही, असे त्याने मला सांगितले. ही युक्ती माझी नव्हती, त्याची होती.

दुसऱ्या महिन्यात तो अचानक यायचा थांबला. आजार उलटला म्हणून घरात रडारड झाली. मी चौकशी केली तेव्हा कळले की मालकांनी त्याच्यावर खूश होऊन, अगदी चांगल्या मनाने, त्याला फोन घेण्याचे आणि गिऱ्हाइकांशी बोलण्याचे कामही दिले होते. नाही म्हणणे त्याला जमले नाही, म्हणून तो घरी बसला. कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून तीन दिवस मी स्वतः तिथे बसून फर्मे जुळवले. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी 1948 साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या फाउंटन हाउस या संस्थेने संक्रमणकालीन, म्हणजे कायमच्या नोकरीआधीच्या तात्पुरत्या, नोकऱ्यांसाठी रूढ केलेली ही रीत आहे: आमचा माणूस आला नाही तर आम्ही येऊ, ही हमी मालकाला द्यायची. चौथ्या दिवशी तो आला आणि त्याच्या टेबलावर फक्त फर्मे ठेवलेले होते. आज त्याला तिथे पाच वर्षे झाली.

सगळेच असे जुळून येत नाही. बायपोलर आजारातून सावरलेल्या एका तरुणीला रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये चांगल्या पगाराची नोकरी मिळाली, घरचे आनंदले आणि मीही होकार दिला. त्या आजारात झोप मोडणे हे उन्मादाला आमंत्रण असते, हे मला माहीत असूनही. सहा आठवड्यांत ती रुग्णालयात दाखल झाली. ती माझी चूक होती, आणि तेव्हापासून मी पगाराच्या आधी पाळीची वेळ विचारते.

आजाराविषयी मालकाला सांगावे का, हेही तुम्ही विचारले होतेत. मला तिथे ये-जा करायची असेल तर सांगणे भाग पडते. एरवी निदान न सांगता अडचण सांगता येते: सूचना लिहून मिळाव्यात, महिन्यातून एक दुपार दवाखान्यासाठी हवी. वैद्यकीय अर्जात मात्र खोटे लिहू नये. काय सांगायचे याचा निर्णय शुभार्थीचा असतो. वडिलांनी परस्पर जाऊन सगळा इतिहास सांगितल्याने हातची गेलेली नोकरी मी पाहिली आहे.

कायदा आता पूर्वीपेक्षा बाजूने आहे. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात मानसिक आजाराचा उल्लेख होता, पण सरकारी नोकऱ्यांतल्या 3 टक्के आरक्षणात त्याला वाटा नव्हता. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत मानसिक आजार घेतला आणि 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का जागा स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी एकत्रित ठेवल्या. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी तपासून ते ठरते. शिवाय सरकारी नोकरीत असताना आजार झाला तर त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही. पुष्कळ घरे लग्नाच्या भीतीने हे प्रमाणपत्र काढतच नाहीत. ती भीती मला समजते, पण वय वाढत असताना हातचा हक्क सोडून देणे मला पटत नाही.

लग्नावरून एक सांगते. आजारातून सावरलेल्या मुलाच्या नोकरीविषयी मला शेकडो वेळा विचारले गेले आहे. मुलीच्या नोकरीविषयी फार क्वचित, तिच्याबाबत 'आता लग्न करायला हरकत नाही ना' हेच विचारले जाते. ज्या स्त्रियांना मनोरुग्णालयातून घरचे परत नेतच नाहीत त्यांचे काय, या प्रश्नावर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'तराशा' प्रकल्पाने 2011पासून काम केले आहे: रुग्णालयातून नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात, आणि तिथून प्रशिक्षण व नोकरीकडे. कमावणाऱ्या बाईला राहायची जागा स्वतः निवडता येते, म्हणून तिच्या बाबतीत मी कामाचा आग्रह अधिक धरते.

तेव्हा पुढच्या मंगळवारी याल तेव्हा त्याला सोबत आणा. सकाळी किती वाजता उठतो, गोळी कितीला घेतो आणि आजारपणाच्या आधी त्याला काय करायला आवडायचे, हे तीन प्रश्न मी त्याला विचारणार आहे. उत्तर द्यायला त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ तुम्ही मध्ये बोलू नका.