काकूंचा श्वास

गुढीपाडव्याच्या आधीचा सोमवार होता. एक कापड दुकानदार पेन ड्राइव्ह घेऊन आला. "आवाज तयार हाय ओ. नुसतं मागं सनई टाका आणि चार कॉप्या द्या. चार रिक्षा लावल्यात."

सांगलीत मारुती चौकाजवळ माझा दोन खोल्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. नाट्यपंढरीत राहून मी नाटकांपेक्षा रिक्षाच्या अनाउन्समेंटच जास्त केल्या. साड्यांचे सेल, डोळ्यांची शिबिरं, निवडणुका, एकदा तर हरवलेली म्हैस. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच आवाजात आहेत. तो आवाज काकूंचा. तरुणपणी हौशी नाटकांत कामं केलेल्या, आता साठी ओलांडलेल्या. गावात त्यांना चेहऱ्यानं फार कुणी ओळखत नाही, पण भाजी घेताना तोंड उघडलं की भाजीवाली मान वर करते.

फाइल लावली आणि हेडफोनमधून काकू बोलायला लागल्या. "सांगलीकर, ऐकलंत का?" तीच ओढ, तोच किंमत सांगण्याआधीचा ठेहराव. "फक्त" म्हणायच्या आधी घेतलेला तो छोटा श्वासही होता. तो मी एकोणीस वर्षं कापत आलोय, म्हणून तो मला डोळे मिटूनही ओळखू येतो.

पुढं आलं, "बसस्टँडजवळ". त्यातला 'ज' त्यांनी 'जय'मधल्यासारखा उच्चारला होता. काकू 'जवळ' असं कधीच म्हणणार नाहीत. त्यांच्यासमोर कुणी म्हटलं तर त्या थांबवून दुरुस्त करतात. लिहिताना दोन्ही 'ज' एकच, वाचताना वेगळे. हे मराठी पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

"काकूंनी कुठं केलं हे?" मी विचारलं.

"कोण काकू? पोरानं मोबाइलवर केलंय की. मजकूर टाकला, आवाज निवडला, झालं."

मी काकूंना फोन केला. त्या चालत आल्या, ऐकलं, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "हा 'ज' कुणाचा रे?" मग गप्प बसल्या.

दुकानदाराच्या पोराकडून ॲप मागवलं. आवाजाच्या नावाखाली नुसतं 'मराठी, महिला, प्रौढ'. नमुना ऐकायचं बटण दाबलं. "ऋषीच्या छत्रीवर झुरळ चढलं आणि ढग थबकला." काकू आणि मी एकमेकांकडं बघितलं. 2017 साली याच खोलीत हे वाक्य वाचताना त्यांना इतकं हसू आलं होतं की सात टेक झाले होते.

ते काम बाहेरगावच्या एका कंपनीचं होतं. अकरा दिवस, रोज चार तास, असली अर्थहीन वाक्यं. मराठीतले सगळे ध्वनी पाहिजेत, एवढंच सांगितलं होतं. आम्हाला वाटलं, फोनवर 'आपण रांगेत आहात' सांगणाऱ्या यंत्रासाठी असेल. काकूंना नऊ हजार मिळाले, मला स्टुडिओचं भाडं. शेवटी मी विचारलं होतं, चुका, खोकले, हसणं काढून टाकू का? ते म्हणाले, नको, सगळं कच्चं रेकॉर्डिंग द्या. मला तेव्हा बरंच वाटलं, एडिटिंगचे दोन दिवस वाचले. हार्ड डिस्क मीच भरून दिली. श्वासासकट.

2019च्या महापुरात पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर आलं, तेव्हा माइक सोडून मी त्या डिस्कची प्रत पिशवीत घालून विश्रामबागला नेली होती. ती आता कामाला आली. तीच घेऊन दुपारी आम्ही वकिलांकडे गेलो.

त्यांनी आधी आमची हवा काढली. नुसत्या आवाजावर कॉपीराइट नसतो. 1957च्या कायद्यात लेख, गाणं, ध्वनिमुद्रण यांना संरक्षण आहे. सादर करणाऱ्याचा हक्क मात्र वेगळा आणि तो 50 वर्षं टिकतो. शिवाय 2024च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांना तात्पुरती मनाई केली होती.

"ते अरिजित सिंग," काकू म्हणाल्या. "मला मिरजेच्या पलीकडं कोण ओळखतंय?"

वकिलांनी करार वाचला. एक पान. 'सर्व माध्यमांसाठी' असं लिहिलेलं, मुदत कुठेच नाही. इथं त्यांचा चेहरा जरा उजळला. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणजे 2022लाच संपली. आणि 2012च्या दुरुस्तीत असं आहे, की सही करताना जे माध्यम व्यवहारात नव्हतं, ते नाव घेऊन लिहिल्याशिवाय करारात येत नाही. "पण समोरचा म्हणणार, संगणकाचं बोलणं तेव्हाही बाजारात होतं. वाक्यं वाचणं म्हणजे सादरीकरण का, यावरही भांडणार." दावा मात्र इथंच, विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, कॉपीराइटच्या दाव्यात फिर्यादी राहतो त्या गावचं कोर्ट चालतं. मुंबईला हेलपाटे घालायला नकोत, हे ऐकूनच मला निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. आधी नोटीस पाठवायची ठरली.

निघताना काकूंनी विचारलं, "पुढच्या वेळी नको म्हणता येईल ना?"

वकील म्हणाले, केंद्राच्या एका समितीनं डिसेंबर 2025मध्ये सुचवलंय, की कायदेशीरपणे मिळालेलं साहित्य एआय कंपन्यांना त्यांच्या यंत्रांना शिकवण्यासाठी वापरू द्यावं आणि निर्मात्यांना रॉयल्टी द्यावी. निर्मात्याला नकाराचा पर्याय त्यात नाही.

"म्हणजे पैसे देणार, पण विचारणार नाहीत."

"तसंच काहीसं."

मला नोटिशीपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. 2017 साली तरी कुणी काय विचारलं होतं? मीही नाही.

संध्याकाळी दुकानदार परत आला. माणूस वाईट नाही, त्यानं ॲपचे पैसे भरले होते. सगळं सांगितल्यावर म्हणाला, "मग काकूंनाच बोलू दे की. पण उद्या सकाळी रिक्षा निघायला पाहिजे." तीनशे रुपयांत ठरलं.

काकू माइकसमोर बसल्या. 'जवळ' नीट म्हणाल्या, मुद्दाम जरा जास्तच नीट. "फक्त"च्या आधी मात्र श्वास घेतला नाही. मी टॉकबॅक दाबून म्हणालो, "काकू, घाई झाली. नेहमीसारखा थांबा घ्या."

"नको. तो त्यांच्याकडं आहे."

दुसऱ्या टेकला ओके झालं. मी फाइल दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर टाकली आणि कच्चं रेकॉर्डिंग नेहमीच्या फोल्डरमध्ये ठेवायला गेलो. मग थांबलो.

"काकू, हे ठेवू का?"

"पूस."

पुसलं. त्या चप्पल घालून दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "ते कचऱ्याच्या डब्यात जातं ना आधी?"

मी रिसायकल बिन उघडून रिकामी केली. हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाईतोवर त्या दारातच उभ्या होत्या.