आमची वाटचाल : आधी पाण्याची बाटली, मग ऑर्किड

उन्हाळा सरला की नागपुरात कूलरच्या ताट्या निघतात. वाळ्याच्या काड्या बोटाने चोळल्या की पांढरा, खरखरीत थर हाताला लागतो. पाणी उडून गेलं आणि त्यातले क्षार मागे राहिले. घरच्या ऑर्किडच्या मुळांवर बसतो तो हाच थर, फक्त तो कुंडीच्या आत असतो म्हणून दिसत नाही.

आम्ही घरगुती ऑर्किडची रोपं, कुंड्या, माध्यम आणि खतं पुरवतो. सुरुवातीला रोपासोबत फक्त सावली आणि खताची माहिती द्यायचो. तक्रारी यायच्या त्या ठरावीक: पानांचे शेंडे तपकिरी पडले, मुळांची टोकं काळी झाली, फुलं गळल्यावर वर्षभर नवीन पान नाही. दोष जायचा उन्हाला, नाहीतर खताला. पण सावलीत, बिनखताच्या कुंडीतही तेच दिसायला लागलं तेव्हा पाण्यातले क्षार मोजणं सुरू झालं. आता पद्धत अशी आहे की ग्राहकाने घरच्या पाण्याची एक बाटली आणायची. आकडा बघूनच कोणतं रोप द्यायचं ते ठरतं.

ऑर्किडला मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, पाणी का लागतं, ते विदर्भातल्या आंब्यावर बघायला मिळतं. व्हॅन्डा टेसेलाटा, म्हणजे आपली रास्ना, खोडाला मुळांनी धरून वाढते. तिला मिळतं ते सालीवरून ओघळणारं पावसाचं पाणी, ज्यात क्षार जवळजवळ नसतात. मुळांवरचं पांढुरकं स्पंजासारखं आवरण भिजलं की काही क्षणांत हिरवं दिसतं, कारण ते पाणी झटकन शोषतं. पाण्यातलं बाकी सगळंही त्याच वेगाने आत येतं.

नागपूरच्या नळाला पेंच प्रकल्पाचं, कन्हान नदीचं आणि काही प्रमाणात गोरेवाड्याचं पाणी येतं. बोरच्या मानाने ते बरंच मऊ असतं. खरी अडचण शहराच्या कडेच्या वस्त्यांत, जिथे बोर किंवा टँकरवर भागवावं लागतं. शिवाय बऱ्याच सोसायट्यांत नळ आणि बोर एकाच टाकीत मिसळतात आणि ते प्रमाण उन्हाळ्यात बदलतं. म्हणून एकदा मोजून चालत नाही. जानेवारीत, मे महिन्यात आणि पाऊस लागल्यावर, असं निदान तीनदा मोजा.

आकडे आम्ही असे धरतो (पीपीएम म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये). १०० पीपीएमच्या आत कोणतंही ऑर्किड चालेल. १०० ते २५० मध्ये फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम राहतील, पण महिन्यातून एकदा कुंडी धुवायची. २५० ते ४०० मध्ये पाणी मिसळून वापरायचं. ४०० च्या वर ते ऑर्किडला द्यायचंच नाही. ‘हेच पाणी आम्ही पितो’ हे उत्तर रोज ऐकू येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. माणसाला चालतं ते ऑर्किडला चालेलच असं नाही.

नागपूरच्या हवेत हे गणित आणखी बिघडतं. कुंडीला दर वेळी २०० मिली पाणी दिलं आणि ते ५०० पीपीएमचं असेल, तर त्यातून १०० मिलिग्रॅम क्षार आत जातात. आठवड्यात तीनदा म्हणजे ३०० मिलिग्रॅम, महिन्याला सव्वा ग्रॅमच्या वर. पाणी खालून वाहू दिलं नाही तर हे सगळं कोळशाच्या आणि नारळाच्या सालीच्या तुकड्यांत साठतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पाणी सकाळी दिलं तर दुपारी उडालेलं असतं, आणि उरलेल्या ओलाव्यात क्षारांची तीव्रता मूळ पाण्याच्या कितीतरी पट होते. मुळाचं टोक जळतं ते तेव्हा. उन्हाने नव्हे.

मीटरबद्दल थोडं. साधा पेनासारखा टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटर पुरतो, पण तो क्षार मोजत नाही, विद्युतवाहकता मोजून तिला एका गुणकाने गुणतो. काही मीटरमध्ये गुणक ०.५ असतो, काहींत ०.७. त्यामुळे एकाच पाण्याला दोन मीटर ५०० आणि ७०० दाखवू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. नेहमी एकच मीटर वापरा आणि वर्षातून एकदा ३४२ पीपीएमच्या मिठाच्या प्रमाणित द्रावणात तपासा. काय विरघळलंय हेही मीटर सांगत नाही. २०० पीपीएम कॅल्शियमचं पाणी चालवून घेता येतं, २०० पीपीएम सोडियमचं नाही.

हा फरक सॉफ्टनरच्या, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत फार महाग पडतो. सॉफ्टनर लावलेल्या इमारतीतले लोक निर्धास्त असतात, कारण साबणाला फेस येतो आणि बादलीवर डाग पडत नाहीत. पण सॉफ्टनर कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळजवळ होता तेवढाच राहतो. असं पाणी ऑर्किडला अजिबात देऊ नका. सॉफ्टनरच्या आधीचा नळ कुठे आहे ते प्लंबरला विचारा आणि तिथून भरा.

आरओचं पाणी बहुतेक घरांत सहज मिळतं. त्यातही बघायचं असतं. नुसत्या यूव्हीच्या मशीनने क्षार कमी होत नाहीत. काही आरओमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. म्हणून मशीनचं नाव विचारण्यापेक्षा नळीखाली ग्लास धरून मोजा. वीस लिटरच्या जारचं पाणी घेत असाल तर प्रत्येक जार मोजा, दोन जारमध्येही फरक निघतो. आणि आरओचं वाया जाणारं पाणी ऑर्किडला कधीच नको. नळाचं ३००, गाळलेलं ३० आणि एका लिटरमागे तीन लिटर वाया, असं धरलं तर ते वाया पाणी ३९० भरतं. कूलरच्या टाकीतलं पाणी तर त्याहून वाईट.

मिसळायचा हिशेब सोपा आहे. ३०० चं एक भाग आणि ३० चे दोन भाग मिळून १२० होतात. ९०० च्या बोरच्या पाण्याला तिथे आणायला जवळजवळ नऊ भाग आरओ लागतो, मग त्यापेक्षा नुसतं आरओच वापरलेलं परवडतं. मिसळण्याचा एक फायदाही आहे, नळाच्या पाण्यातून थोडं कॅल्शियम मिळतं. नुसतं आरओ किंवा पावसाचं पाणी महिनोन्‌महिने दिलं तर नव्या पानाचं टोक काळं पडून सडल्यासारखं दिसतं. ती कॅल्शियमची कमतरता असू शकते. त्यासाठी कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. मधल्या आठवड्यात १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश समप्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट पाव ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण या दोन्हींच्या घट्ट द्रावणात मिसळू नका, तळाशी पांढरा साका बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. मापाला चमचा नको, दागिन्यांचा छोटा काटा घ्या. कॅल्शियम नायट्रेटला पावसाळ्यात पाणी सुटतं, म्हणून ते घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. एक सावधगिरी: १९:१९:१९ मधल्या नायट्रोजनचा बराच भाग युरियाचा असतो आणि युरिया टीडीएस मीटरला दिसत नाही. म्हणून आकडा कमी दिसला की आणखी खत टाकायचं, असं करू नका.

पावसाचं पाणी साठवायचा आग्रह आम्ही सगळ्यांनाच करतो, कारण नागपूरला जून ते सप्टेंबर ते फुकट पडतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा चौरस मीटर गच्चीवर वीस मिलिमीटरची एक सर आली की दोनशे लिटर, गळती धरून दीडशे तरी हाताशी येतं. वीस कुंड्यांना दर वेळी पाव लिटर, आठवड्यात तीनदा, म्हणजे पंधरा लिटर. ऑक्टोबरपासून मध्य जूनपर्यंतच्या छत्तीस-सदतीस आठवड्यांना साडेपाचशे लिटर लागतं. दोनशे लिटरचे तीन निळे प्लास्टिकचे ड्रम पुरतात. ड्रममध्ये आधी रसायन नव्हतं याची खात्री करा. हंगामाचे पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, पुढेही प्रत्येक सरीची पहिली पंधरा मिनिटं सोडा. नव्या सिमेंटच्या किंवा चुना मारलेल्या गच्चीचं पाणी नको, त्यात चुना उतरतो. नव्या जस्ताच्या पत्र्यावरचंही टाळा. तोंडाला बारीक जाळी आणि वर झाकण असलंच पाहिजे, नाहीतर डेंग्यूचे डास होतील. ड्रम सावलीत ठेवला की शेवाळ धरत नाही.

एसीच्या नळीतलं पाणीही कमी क्षारांचं असतं, पण फिल्टर आणि ट्रे स्वच्छ असतील तरच घ्या. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते फार मिळतही नाही.

क्लोरीनची भीती लोकांना उगाच जास्त वाटते. पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं की बरंचसं उडून जातं. क्षार मात्र ठेवून किंवा फडक्याने गाळून जात नाहीत. उकळल्याने तळाला थोडा चुना बसतो, बाकी तसंच. लिंबू पिळल्यानेही टीडीएस कमी होत नाही. लिंबाचा उपयोग पानांवरच्या पांढऱ्या डागांना: कपभर पाण्यात चमचाभर रस, मऊ कापडाने पुसा, मग साध्या पाण्याने पुन्हा पुसा.

कुंडी धुण्याची रीत अशी. आधी थोडं पाणी घालून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वाळलेले क्षार विरघळतात. मग कुंडीच्या दुप्पट मापाचं मऊ पाणी सावकाश ओता आणि सगळं वाहून जाऊ द्या. शेवटचं पाणी वाटीत धरून मोजा. ओतलेल्यापेक्षा दोनशेने जास्त आलं तर पुन्हा धुवा. चार कुंड्या एकाच बादलीत बुडवू नका. एकीची सड आणि विषाणू सगळ्यांना लागतात. कुंडीच्या काठावर पांढरं दिसलं तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर पाण्यातला चुना आहे, नाही आले तर बहुधा खताचे क्षार.

नारळाच्या सालीचे तुकडे नवे असले तरी त्यांत मीठ असू शकतं. बादलीत भिजवा, रोज पाणी बदला, आणि निथळलेल्या पाण्याचा आकडा ओतलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत वापरू नका. आम्ही विकतो तेही धुऊन, मोजूनच.

शेवटी पाण्याची ऊब. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळवतं, म्हणून सकाळी सातच्या आत घाला किंवा आदल्या रात्री बादली घरात भरून ठेवा. डिसेंबरच्या गारठ्यात उलट. त्या टाकीचं थंडगार पाणी फॅलेनॉप्सिसच्या पानावर पडलं तर तिथले पेशीसमूह बसतात आणि खोलगट डाग कायमचे राहतात. बादली रात्रभर स्वयंपाकघरात ठेवा. पाणी घालताना मधल्या पोंग्यात साचलं तर कापसाने लगेच टिपून घ्या.

बाटली आणताना एवढं करा: रात्रभर साचलेलं पाणी नको, नळ दोन मिनिटं वाहू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि वर चिठ्ठी लावा, नळ, बोर, टँकर की मिसळलेलं.